'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसाओ ताकाहाता यांचा हा जपानी ॲनिमेशनपट पाहून उठलेले प्रेक्षक बहुधा दोनच वाक्ये बोलतात : खूप रडलो, आणि पुन्हा पाहणे जमणार नाही. त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये कथानकाचा शेवट उघड केलेला आहे. अर्थात तो चित्रपटाने स्वतःच पहिल्या मिनिटात उघड केलेला असल्यामुळे त्यात कोणाचे नुकसान होईल असे वाटत नाही.

हा चित्रपट कोणाचा आणि केव्हाचा?

'होतारू नो हाका', म्हणजे काजव्यांची कबर, हे त्याचे मूळ नाव. आकियुकी नोसाका यांनी १९६७ साली लिहिलेल्या आणि पुढे नाओकी पुरस्कार मिळालेल्या कथेवर तो आधारलेला आहे. पटकथा आणि दिग्दर्शन ताकाहाता यांचे, निर्मिती स्टुडिओ जिब्लीची आणि त्यासाठीचा पैसा शिन्चोशा या प्रकाशनसंस्थेचा होता. १६ एप्रिल १९८८ रोजी तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. लांबी सुमारे दीड तास आहे.

कथानक थोडक्यात काय आहे?

१९४५ सालच्या जूनमध्ये कोबे शहरावर अमेरिकन विमानांनी आगलाव्या बॉम्बचा वर्षाव केला, तेथून मुख्य कथा सुरू होते. चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको या हल्ल्यात आईला गमावतात. वडील नौदलात अधिकारी आहेत आणि त्यांचा ठावठिकाणा नाही. दोघे जवळच्या निशिनोमिया गावी लांबच्या नात्यातील एका काकूकडे आश्रयाला जातात. तेथे अन्नावरून खटके उडू लागल्यावर सेइता बहिणीला घेऊन घराबाहेर पडतो आणि तळ्याकाठच्या, डोंगर पोखरून केलेल्या एका ओसाड आश्रयस्थानात वेगळा संसार मांडतो. तो संसार काही आठवडे टिकतो. युद्ध संपल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात सेत्सुको उपासमारीने मरते आणि महिन्याभराने सेइताही.

शेवट आधीच सांगून टाकल्यावर पाहण्यासारखे काय उरते?

चित्रपटाचे पहिले वाक्यच मृत सेइताच्या तोंडी आहे. २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री आपण मरण पावलो, असे तो सांगतो आणि आपण कोबेच्या सान्नोमिया रेल्वेस्थानकात खांबाला टेकून बसलेला, हाडांचा सापळा झालेला एक मुलगा पाहतो. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जातात. अमेरिकन लवकरच येथे येतील आणि ही घाण त्यांच्या नजरेस पडेल, याची एकाला लाज वाटते.

मुले वाचतील का, ही उत्कंठा ताकाहाता यांनी सुरुवातीलाच काढून टाकली आहे. उत्कंठा गेल्यावर प्रेक्षकाच्या हाती दुसरे काम येते, आणि माझ्या मते या चित्रपटाची सारी शक्ती त्या कामात आहे : तो हिशेब ठेवू लागतो. बरणीत किती तांदूळ उरले, आईची रेशमी वस्त्रे देऊन किती मिळाले, आज पेज किती पातळ आहे, डब्यात किती गोळ्या खुळखुळतात, हे आपण नकळत मोजत राहतो. सेइता काकूचे घर सोडतो तो प्रसंग एरवी स्वातंत्र्याचा वाटला असता; हातगाडीवर सामान लादून निघालेली ती दोघे चक्क आनंदात असतात. शेवट माहीत असलेला प्रेक्षक मात्र त्या आनंदाकडे पाहताना मनातल्या मनात त्या मुलाला थांबवत असतो. एकाच दृश्यात मुलांचे हसणे आणि आपली धास्ती अशा दोन्ही गोष्टी चालू राहतात, आणि अश्रूंपेक्षा ही घालमेलच जास्त काळ सोबत राहते.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

खऱ्या घटनांवर आधारलेली आहे, पण जिथे ती खऱ्यापासून दूर जाते ती जागा अधिक महत्त्वाची आहे. नोसाका १९३० साली जन्मले आणि कोबेतील एका कुटुंबात दत्तक म्हणून वाढले. ५ जून १९४५ च्या हल्ल्यात त्यांचे घर जळाले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यानंतर धाकट्या दत्तक बहिणीला घेऊन ते आधी निशिनोमियात नातेवाइकांकडे आणि पुढे फुकुई प्रांतात गेले. युद्ध संपता संपता ती बहीण कुपोषणाने मेली. ती चार वर्षांची नव्हती. जेमतेम सव्वा वर्षाची होती.

आपण सेइताइतके प्रेमळ नव्हतो, हे नोसाका यांनी पुढे अनेकदा लिहिले आणि सांगितले. बहिणीला द्यायचे अन्न हातात असताना भूक अनावर होऊन आधी स्वतःच खाल्ले आणि तिचे रडणे थांबावे म्हणून तिला मारलेही, असे त्यांनी कबूल केले होते. म्हणजे कथेतला सेइता हा लेखकाने स्वतःचे काढलेले चित्र नसून, आपण जसे वागायला हवे होते तशा मुलाचे चित्र आहे. त्या आदर्श भावालाही लेखक जगू देत नाही. कथेत बहिणीबरोबर भावालाही मरण देणे ही त्या लेखकाने स्वतःला दिलेली शिक्षा होती, असे मानायला बरीच जागा आहे. नोसाका स्वतः २०१५ पर्यंत जगले.

ताकाहाता यांच्याही गाठीशी असाच अनुभव होता. २९ जून १९४५ रोजी ओकायामा शहरावर हल्ला झाला, तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता झोपेच्या कपड्यांत, अनवाणी, बहिणीसोबत आगीतून धावत सुटले होते. आकाशातून बॉम्ब कसे पडतात आणि जमिनीवर काय होते, हे चित्रपटात इतक्या कोरड्या अचूकतेने येते त्याचे कारण कदाचित हेच असावे.

कोबेवर प्रत्यक्षात काय झाले होते?

१९४५ च्या मार्चपासून अमेरिकेने जपानी शहरांवर रात्रीच्या वेळी, कमी उंचीवरून आगलावे बॉम्ब टाकण्याचे धोरण स्वीकारले. ९ आणि १० मार्चच्या दरम्यानच्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली. कोबेवर १७ मार्चला आणि ५ जूनला मोठे हल्ले झाले. जूनच्या हल्ल्यात साडेचारशेहून अधिक बी-२९ विमाने होती आणि तो दिवसाउजेडी झाला. चित्रपटात पडणाऱ्या सहा बाजूंच्या नळकांड्यांमध्ये जेलीसारखे घट्ट केलेले पेट्रोल असे. शहरातील बहुतेक घरे लाकडाची आणि कागदी सरकत्या दारांची असल्यामुळे स्फोटापेक्षा आगच अधिक घातक ठरत असे. कोबेत जहाजबांधणीचे मोठे कारखाने होते हे खरे, पण जळाल्या त्या प्रामुख्याने राहत्या वस्त्या.

त्याच वसंतात अमेरिकेने जपानच्या बंदरांत आणि सामुद्रधुन्यांत विमानांतून सुरुंग पेरण्यास सुरुवात केली. त्या मोहिमेचे नावच उपासमारीवरून ठेवलेले होते. आयात धान्य थांबले. १९४१ मध्ये मोठ्या शहरांत प्रौढ माणसाला दिवसाला ३३० ग्रॅम तांदळाचा शिधा ठरला होता. १९४५ च्या जुलैत तो दहा टक्क्यांनी घटवला गेला, आणि तोही पुष्कळदा तांदळाऐवजी रताळी किंवा इतर काही देऊन भागवला जाई. चित्रपटातील प्रत्येक भांडण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

इतके रडू का येते? हे मुद्दाम रडवणे नव्हे काय?

मरणारे लहान मूल पडद्यावर दाखवले की प्रेक्षक रडणारच, आणि म्हणून असल्या विषयाकडे संशयाने पाहणे रास्त आहे. तरीही ताकाहाता यांनी जे टाळले आहे त्याची नोंद घेतली तर हा आरोप बराचसा गळून पडतो.

आई गेल्याचे सेइताला कळते तो प्रसंग पाहावा. शाळेच्या मैदानात सेत्सुको आईकडे जायचे म्हणून उकिडवी बसून रडते आहे. सेइता तिला सांगू शकत नाही आणि समजूतही काढू शकत नाही. तो लोखंडी आडव्या दांड्याला लटकतो आणि गोल गोल फिरू लागतो. एवढेच. मिठी नाही, संवाद नाही, आणि कॅमेरा दूर उभा आहे. दुःखाचे काय करावे हे माहीत नसलेला चौदा वर्षांचा मुलगा नेमके असेच काहीतरी निरर्थक करील, हे आपल्याला पटते आणि मग आवरत नाही.

सेत्सुकोचा मृत्यूही असाच हाताळलेला आहे. भाऊ कलिंगडाची फोड तिच्याजवळ ठेवतो, पेज शिजवायला उठतो आणि त्याच्या आवाजात एक वाक्य ऐकू येते की ती पुन्हा जागी झाली नाही. ना लांबलचक निरोप, ना फोडलेला हंबरडा. मिचियो मामिया यांचे संगीतही चित्रपटभर काटकसरीनेच येते. आपल्याकडच्या कौटुंबिक चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा संयम प्रथम थोडा कोरडाही वाटू शकतो.

एका ठिकाणी मात्र ताकाहाता यांनी हात सैल सोडला आहे. सेत्सुको गेल्यानंतर तळ्यापलीकडच्या बंगल्यातील सुखवस्तू मुली गावाहून परततात, ग्रामोफोनवर घराच्या ओढीचे एक जुने इंग्रजी गाणे लावतात आणि त्या सुरांवर सेत्सुकोच्या रिकाम्या दिवसांची दृश्ये एकामागून एक येतात : एकटीच खेळणारी, स्वतःच्या पडछायेशी बोलणारी, डोक्यावर भांडे घालून शिपाई झालेली. हे सरळ सरळ रडवण्यासाठी आहे. ते प्रभावी आहे यात वाद नाही. दांड्यावर फिरणाऱ्या मुलाच्या दृश्याइतके ते मोठे नाही, एवढेच म्हणता येईल.

असा विषय ॲनिमेशनमध्ये का केला? प्रत्यक्ष नट घेऊन अधिक खरा झाला नसता का?

या कथेवर चित्रपट करण्यासाठी नोसाका यांच्याकडे अनेकजण येऊन गेले होते. जळून सपाट झालेली ती जमीन पुन्हा उभी करता येणार नाही आणि आजची धष्टपुष्ट मुले ती भूमिका करू शकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ॲनिमेशनचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले, पण ताकाहाता यांच्या चमूने काढलेली प्राथमिक रेखाटने पाहिल्यावर दुसऱ्या कोणत्याही रीतीने हे जमले नसते, असे त्यांनीच म्हटले.

यामागे व्यावहारिक कारण तर आहेच. चार वर्षांच्या खऱ्या मुलीला उपाशी ठेवून चित्रीकरण करता येत नाही, आणि पडद्यावर खरी मुलगी दिसू लागली की प्रेक्षकाचे अर्धे लक्ष तिच्या काळजीत गुंतते. काढलेल्या मुलीबाबत तशी काळजी उरत नसल्यामुळे आपण तिच्याकडे अधिक निमूटपणे पाहत राहतो. दुसरे कारण ताकाहाता यांच्या स्वभावात आहे. त्यांचा पिंड अद्भुताचा नव्हता. माणसे भाजी कशी चिरतात, अंथरूण कसे घालतात, मूल बूट कसे चढवते, हे रेखाटण्यात त्यांना रस होता. ते स्वतः चित्रे काढत नसत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्यक्तिरेखांची रेखाटने योशिफुमी कोन्दो यांची आणि पार्श्वभूमीची चित्रे निझो यामामोतो यांच्या देखरेखीखाली झालेली आहेत. आकृत्यांच्या कडा नेहमीच्या काळ्या रेषेऐवजी तपकिरी रेषेने काढल्यामुळे सगळ्या चित्राला एक मऊपणा येतो, आणि त्या मऊ चित्रात भाजलेल्या आईचे पट्ट्यांनी गुंडाळलेले शरीर आले की डोळे त्यासाठी तयार नसतात.

काम मात्र वेळेत पुरे झाले नाही. प्रदर्शनाच्या दिवशी काही दृश्ये रंग न भरताच दाखवावी लागली. ती नंतर पूर्ण करण्यात आली.

सेत्सुको इतकी खरी कशी वाटते?

तिचा आवाज खरोखरच लहान मुलीचा आहे. आयानो शिराइशी ही मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. जपानमध्ये बहुधा आधी चित्रे तयार होतात आणि नंतर आवाज दिला जातो. येथे तिचा आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्याबरहुकूम चित्रे काढली गेली. त्यामुळे मध्येच अडखळणे, शब्द गिळणे, हट्टाने एकच वाक्य पुन्हा म्हणणे, हे सारे चेहऱ्यावर उमटते. दोन्ही मुले कोबेच्या परिसरातील बोली बोलतात. प्रमाण जपानी नव्हे. शिवाय ती सदैव गोड मुलगी नाही. ती चिडते, पेज नको म्हणून तोंड फिरवते, रात्री रडून घर जागे करते. भुकेने ग्लानीत गेल्यावर मातीचे गोळे भाताचे मुटके म्हणून भावापुढे ठेवते, तेव्हा हीच ती हट्टी मुलगी आहे हे आठवते.

काकू इतकी दुष्ट का आहे?

पहिल्यांदा पाहताना जवळजवळ प्रत्येकाला तिचा राग येतो. वयाने वाढल्यावर पुन्हा पाहिल्यास तो राग पूर्वीसारखा टिकत नाही, असे अनेक जपानी प्रेक्षक सांगतात. तिच्या बाजूने पाहिले तर घरात काम करणारी मुलगी आहे, भाडेकरू आहे, दोघेही युद्धकाळातल्या कामावर जातात आणि शिधा तुटपुंजा आहे. त्यात दोन जास्तीची तोंडे. त्यांतला मोठा मुलगा शाळेत जात नाही, कारखान्यात जात नाही, आग विझवण्याच्या कामाला हात लावत नाही आणि दिवसभर बहिणीशी खेळतो. ती त्याला टोमणे मारते, ते बहुतेक टोमणे वस्तुस्थितीला धरून असतात.

तिचे पाप वेगळ्या जागी आहे. मुलांच्या मेलेल्या आईचे कपडे विकून आणलेल्या तांदळातूनही ती स्वतःच्या माणसांना घट्ट भात वाढते आणि त्या मुलांच्या वाडग्यात वरवरची पातळ पेज टाकते. तिच्या हाताचा डाव भांड्यात किती खोल जातो, हे ताकाहाता नीट दाखवतात. मुले घर सोडून निघतात तेव्हा ती क्षणभर थबकते, पण थांबवत नाही. दुष्ट बाईची भूमिका लिहिणे सोपे असते. येथे एक सामान्य गृहिणी आहे, जी टंचाईच्या काळात आपले आणि परके यांच्यामध्ये रेघ ओढते. आणि अशी रेघ ओढणारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात निघतात, म्हणून ती इतकी खुपते.

बँकेत पैसे असताना सेत्सुको मेलीच कशी? चूक सेइताची नाही का?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. आईने बँकेत सात हजार येन ठेवलेले होते. शेवटी सेइता तीन हजार येन काढून आणतो आणि अन्न घेऊन येतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

आधी परिस्थितीचा भाग पाहू. त्या काळी पैसा असून भागत नव्हते. शिधा शेजारच्या घरांच्या सरकारी गटांमार्फत मिळत असे आणि त्या गटांबाहेर राहणाऱ्याला शिधाही नाही आणि बातम्याही नाहीत. ज्या शेतकऱ्याकडून सेइता धान्य घेत असे, तो एके दिवशी देण्यासारखे काही उरले नाही म्हणतो आणि वर सल्ला देतो की काकूची माफी मागून परत जा, कारण गटाबाहेर राहून कोणाचे निभत नाही. डॉक्टर सेत्सुकोला तपासतात, पुरळ आणि जुलाब कुपोषणामुळे आहेत असे सांगतात, सकस आहार द्या म्हणतात आणि पुढच्या रुग्णाला बोलावतात. सकस आहार आणायचा कुठून, असे सेइता ओरडतो, त्याला उत्तर मिळत नाही.

तरीही त्याचा दोष शून्यावर येत नाही, आणि चित्रपट तसे भासवतही नाही. शेतकऱ्याचा सल्ला त्याने ऐकला असता तर सेत्सुको कदाचित जगली असती. नौदलातील अधिकाऱ्याचा हा मुलगा मानी आहे. मान खाली घालणे त्याला जमत नाही. पुढे तो शेतांतून चोरतो, हल्ल्याचा भोंगा वाजला की लोकांच्या रिकाम्या घरांत शिरतो आणि विमाने आली म्हणून आनंदाने हात उंचावतो. आईला जाळणाऱ्या विमानांचे स्वागत करणारा हा मुलगा चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य आहे असे मी म्हणेन, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

ताकाहाता यांनी स्वतः असे म्हटले होते की समाजापासून तुटून दोघांनीच जगण्याचा प्रयत्न आणि त्याचे अपयश हा त्यांचा विषय होता आणि तो त्यांना विशेषतः तरुण प्रेक्षकांपुढे ठेवायचा होता. १९८८ च्या सुबत्तेतील तरुणांना काकूचे जाचक घर सोडणारा सेइता आपल्यासारखा वाटेल, हे त्यांनी ओळखलेले होते.

वडिलांचे काय झाले?

ते 'माया' या युद्धनौकेवर असल्याचे चित्रपटात दिसते. ती नौका २३ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्सजवळ अमेरिकन पाणबुडीने बुडवली होती. म्हणजे कथा सुरू होण्यापूर्वीच वडील गेलेले असण्याची शक्यता दाट आहे, आणि सेइता पत्रे पाठवत राहतो. या नौकेची दृश्ये रंगवण्याचे काम पुढे नामवंत दिग्दर्शक झालेल्या हिदेआकी आन्नो यांच्याकडे होते.

हा युद्धविरोधी चित्रपट आहे का?

ताकाहाता ठामपणे नाही म्हणत. ऐकून धक्का बसतो, कारण जगभर तो युद्धविरोधी म्हणूनच दाखवला जातो. त्यांचा मुद्दा असा होता की युद्धातील हाल दाखवून युद्ध थांबत नाही. उलट युद्ध सुरू करू पाहणारेही असेच म्हणतात की असे हाल पुन्हा आपल्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सज्ज होऊ या. युद्ध टाळायचे तर ते सुरू कसे होते हे दाखवावे लागेल, आणि हा चित्रपट ते दाखवत नाही. व्यक्ती म्हणून ताकाहाता शांततावादी होते, जपानच्या राज्यघटनेतील युद्धत्यागाच्या नवव्या कलमाच्या बाजूने ते उघडपणे बोलत. म्हणूनच आपल्या चित्रपटाकडून काय होऊ शकत नाही, याविषयी त्यांचे मत अधिक वजनदार ठरते.

प्रेक्षकाने मात्र दिग्दर्शकाशी सहमत असायलाच हवे असे नाही. मुलांच्या पोटात काय गेले आणि काय गेले नाही, हे दीड तास मोजल्यावर युद्धाविषयी कोणाचे मन पूर्वीसारखे राहील, असे मानणे कठीण आहे.

जपान यात केवळ बळी म्हणून दिसतो, ही टीका योग्य आहे का?

काही अंशी योग्य आहे. चीन, कोरिया आणि आग्नेय आशियात जपानी सैन्याने काय केले, याचा एकही उल्लेख येथे नाही. भारतीय वाचकासाठी हा मुद्दा दूरचा नाही. ज्या नौदलाचा सेइताला इतका अभिमान आहे, त्या नौदलाने मार्च १९४२ मध्ये अंदमान बेटे ताब्यात घेतली होती. सेल्युलर जेलचा उल्लेख मराठी माणसाला सावरकरांमुळे परिचित आहे. जपानी ताब्याच्या काळात त्याच तुरुंगात हेरगिरीच्या संशयावरून भारतीयांचे अनन्वित छळ झाले आणि ३० जानेवारी १९४४ रोजी हंफ्रेगंज येथे ४४ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, हे तितकेसे परिचित नाही. जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला, हेही १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागील कारणांपैकी एक होते. उपासमारीने मेलेली मुले दोन्हीकडे होती.

दुसरी बाजू अशी की चित्रपट ज्या डोळ्यांनी पाहतो ते चौदा वर्षांच्या मुलाचे आहेत, आणि त्याला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. शिवाय जपानी समाजाला तो सोडत नाही. मुलांना मारणारी विमाने अमेरिकन आहेत, पण त्यांना मरू देणारी माणसे शेजारची आहेत. बँकेत शरणागतीची बातमी कळल्यावर सेइता हादरतो तो आरमार नष्ट झाले म्हणून. शौर्याच्या ज्या गोष्टी त्याला शिकवल्या होत्या त्यांनी त्याच्या पोटात अन्नाचा कण पडलेला नाही, हे त्या क्षणी प्रेक्षकाला दिसते, त्याला नाही. सरकारने १९४८ मध्ये केलेल्या पाहणीत ओकिनावा वगळता देशात १,२३,५११ अनाथ मुले नोंदली गेली. रेल्वेस्थानकांत राहणाऱ्या अशा मुलांना लोक हाकलून लावत.

गोळ्यांचा तो डबा खरा आहे का?

होय. साकुमा या नावाने फळांच्या स्वादाच्या साखरी गोळ्यांचा पत्र्याचा डबा जपानमध्ये कित्येक पिढ्या विकला जात होता, आणि चित्रपटानंतर सेत्सुकोचे चित्र असलेले डबेही निघाले. त्या लाल डब्याचा उत्पादक व्यवसाय जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. चित्रपटात तो डबा सुरुवातीला खाऊ असतो, गोळ्या संपल्यावर त्यात पाणी घालून गोड पाणी केले जाते आणि शेवटी त्यात सेत्सुकोच्या अस्थी असतात. स्थानकातील सफाई कर्मचारी तो गवतात फेकून देतो, त्या दृश्याने चित्रपट सुरू होतो.

अधूनमधून दिसणारा तांबूस रंग कशासाठी?

तांबूस उजेडातील मुले ही मेलेली सेइता आणि सेत्सुको आहेत. स्वतःच्या आयुष्याचे शेवटचे महिने ती पुन्हा पाहत आहेत. काकूच्या घरातील एका भांडणाच्या वेळी मृत सेइता कानांवर हात ठेवतो, हे पहिल्या वेळी बहुधा निसटते. अखेरच्या दृश्यात दोघे बाकावर बसलेली आहेत आणि खाली आजचे, दिव्यांनी उजळलेले, उंच इमारतींचे कोबे आहे. यातून शांती मिळाल्याचा अर्थ काही जण काढतात. मला मात्र असे दिसते की ती मुले सुटलेली नाहीत. ती तेच महिने वारंवार जगत आहेत आणि समोरच्या शहराला त्याची खबर नाही.

मुलांना दाखवावा का?

मुख्य पात्रे लहान आहेत आणि चित्रपट ॲनिमेशनचा आहे, एवढ्यावरून तो लहानांचा समजू नये. भाजलेली आई, जखमांवरील अळ्या, प्रेतांचे ढीग ही दृश्ये स्पष्ट आहेत. दहा-बारा वर्षांखालील मुलांना दाखवू नये असे माझे मत आहे, आणि त्याहून मोठ्यांसोबतही पालकांनी शेजारी बसून पाहावा. जपानमध्ये प्रदर्शनाच्या वेळी तो हायाओ मियाझाकी यांच्या 'माय नेबर तोतोरो' या प्रसन्न बालपटासोबत एकाच तिकिटावर दाखवला गेला होता. हसतखेळत आलेल्या कुटुंबांची त्या दुपारी काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. त्यातही ज्यांनी 'तोतोरो' आधी पाहिला त्यांची.

कुठे आणि कोणत्या भाषेत पाहावा?

याचे हक्क जिब्लीच्या इतर चित्रपटांपेक्षा वेगळ्या हाती असल्यामुळे बराच काळ तो त्यांच्यासोबत उपलब्ध होत नसे. सप्टेंबर २०२४ पासून तो जपानबाहेरील अनेक देशांत नेटफ्लिक्सवर आला. याच कथेवर २००५ मध्ये दूरचित्रवाणीसाठी आणि २००८ मध्ये चित्रपटगृहांसाठी प्रत्यक्ष नटांसह आवृत्त्या झाल्या आहेत. २००५ च्या आवृत्तीत काकूच्या बाजूने कथा सांगितलेली असल्यामुळे काकूविषयीचा वरील प्रश्न ज्यांना सतावतो त्यांनी ती अवश्य मिळवावी. पहिल्यांदा पाहताना मात्र ॲनिमेशनपटच निवडावा, इंग्रजी संवाद टाळावेत आणि मूळ जपानी आवाज उपशीर्षकांसह ऐकावा. सेत्सुकोची भूमिका जितकी त्या रेखाटनांत आहे, तितकीच शिराइशीच्या त्या आवाजात आहे.